टाकीतले नऊ सेंटिमीटर

आरोटेवाडीच्या गोबरगॅसपाशी त्या गुरुवारी संध्याकाळी एक लोखंडी टाकी, दोन कॉक, दोन कुलपं, तीन किल्ल्या, एक नोंदवही, बारा माणसं आणि ट्रॅक्टरच्या चाकाची एक फुगवलेली ट्यूब होती. बारांतली अकरा माणसं टाकीच्या अलीकडे उभी होती. बारावी, चंद्रभागा मेंगाळ, पलीकडे ट्यूबशेजारी.

“मॅडम, आधी हिचा पंचनामा करा,” सोपानराव आरोटे ट्यूबकडे बोट दाखवत म्हणाले. “हिच्या झोपडीमागं सापडली. गॅस भरून नेत होती.”

“हवा हाय तिच्यात,” चंद्रभागा म्हणाली. “माझी पोरगी विहिरीत पोहायला शिकली त्या ट्यूबवर.”

“मग शेणाचा वास कसा येतो?”

“गोठ्याशेजारी ऱ्हाते, दादा. माझ्या अंगालाबी येतो.”

मागे कोणीतरी फसकन हसलं. त्या सिंधूवहिनी, सोपानरावांच्या थोरल्या भावजय. सोपानरावांनी मान वळवली तेव्हा त्या पदर सारखा करत टाकीकडे बघत होत्या.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. केमिस्ट्रीत बी.एस्सी. होऊन आठ महिने झाले होते आणि गावोगावी गोबरगॅस बांधून देणाऱ्या एका संस्थेत मी देखरेखीचं काम करत होते. या गोष्टीला नऊ वर्षं झाली, पण त्या तीन दिवसांतले सगळे आकडे मला वही न उघडता आठवतात.

संगमनेरहून अकोल्याकडे जाताना उजव्या हाताला आत आरोटेवाडी. बारा घरं, प्रत्येकाच्या दारात पाच-सात संकरित गायी. सगळ्यांचं शेण एका पक्क्या कुंडात जायचं. तिथे तयार झालेला गॅस नळीने टाकीत यायचा. टाकी म्हणजे पाण्याच्या हौदात उलटं घातलेलं मोठं लोखंडी पिंप. गॅस भरला की ते वर उचललं जाई, वापरला की खाली बसे. शेजारी सेंटिमीटरची एक उभी पट्टी रोवलेली होती. टाकी रिकामी असताना पट्टीवर शून्य. दिवसभर टाकी भरायची, संध्याकाळी पाचला दोन्ही कॉक बंद करायचे, एक कुंडाकडून येणारा आणि एक घरांकडे जाणारा. सकाळी साडेसहाला घरांकडचा कॉक उघडायचा आणि बारा घरांत चहा-भाकरी व्हायची.

जूनमध्ये टाकी बसली. डिसेंबरपर्यंत सगळं ठीक होतं. जानेवारीपासून संध्याकाळच्या आकड्यापेक्षा सकाळचा आकडा वीस-बावीस सेंटिमीटरनी कमी येऊ लागला. कॉक बंद, तरी गॅस कमी. शेवटच्या दोन-तीन घरांच्या भाकरी तव्यावरच राहू लागल्या. आणि डिसेंबरच्या अखेरीला एकच गोष्ट बदलली होती. आधीचा माणूस काम सोडून पुण्याला गेला होता आणि त्याच्या जागी वरच्या ठाकरवाडीतली चंद्रभागा आली होती. टाकीशेजारच्या झोपडीत राहायचं, शेण कालवायचं, कॉक सांभाळायचे. ठाकरवाडीतल्या बायका आरोटेवाडीत गोठे झाडायला येत. किल्ली हातात मिळालेली ही पहिलीच.

सोपानरावांनी घरांकडच्या कॉकला आपलं स्वतःचं कुलूप लावून पाहिलं होतं. त्याच्या दोन्ही किल्ल्या त्यांच्या बंडीच्या खिशात असत. तरी टाकी खाली. मोजून तीन किल्ल्या होत्या, पण वाडीतल्या सगळ्यांचा चौथीवर विश्वास बसला होता.

“करून घेतली असंल संगमनेरातनं,” सोपानराव म्हणाले. “शनिवारी आठला गोबरगॅस मंडळाची बैठक आहे. तुमचा अहवाल आला की ठराव करू आणि पोलिसात अर्ज देऊ. आणि मग वरच्या वाडीची एकही बाई कुणाच्या गोठ्यात पाऊल टाकणार नाही. सगळ्यांनी तसं ठरवलंय.”

“सगळ्यांनी म्हंजे भाऊजींनी,” सिंधूवहिनी म्हणाल्या. “गोठे झाडणाऱ्या सात बायका त्याच वाडीच्या. शनिवारनंतर शेण कोण काढणार, त्याचा ठराव झाला का?”

 चंद्रभागा वाकून ट्यूबवरची माती हाताने झाडत होती.

मी कामाला लागले. साबणाचं पाणी करून टाकीचा प्रत्येक जोड, नळीचा प्रत्येक सांधा पाहिला. एकही बुडबुडा आला नाही. टाकीच्या माथ्यावर रबरी बूच बसवलेलं एक भोक होतं. त्यातून मी कॉलेजातून उसना आणलेला थर्मामीटर आत सोडला. पाच वाजता कॉक बंद झाले तेव्हा आतला गॅस बेचाळीस अंशांवर होता. फेब्रुवारीचं ऊन कोरडं आणि टाकी काळ्या रंगाची. दिवसभर हात लावू नये अशी तापायची. पट्टीवर एकशे चाळीस.

संस्थेचा छापील तक्ता घेऊन मी चंद्रभागेसमोर बसले.

“सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते सांगा.”

“पाचला उठते. शेण कालवते. नळीतलं पाणी काढते. मंग कॉकपाशी बसते, सोपानदादा येईस्तोवर.”

शेणाचा रकाना होता, कॉकचा होता. ते मी भरले. पाण्याचा रकाना नव्हता.

“पट्टी कोण वाचतं?”

“दादाच वाचत्यात, दादाच लिवत्यात. मी चौथी शिकलीय, आकडे येत्यात मला. पण वहीला हात लावायचा न्हाई असं सांगितलंय.”

ट्यूब सोपानरावांनी आपल्या घरात नेऊन कुलपात ठेवली. मी सिंधूवहिनींकडे मुक्कामाला गेले.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला दात वाजत होते. थर्मामीटर अकरा अंश. पट्टी एकशे सतरा. बरोबर तेवीस सेंटिमीटर गायब.

“बघा,” सोपानराव म्हणाले.

“थांबा. ट्यूब आणता?”

त्यांनी ट्यूब आणली. काल संध्याकाळी ती टणक होती. आता बोटाने दाबली की आत जात होती.

सिंधूवहिनींनी स्वतः दाबून पाहिली. “अगं बाई. तुमच्या कुलपातनंबी हिनं काढला वाटतं, भाऊजी.”

“थंडीनं असं होतं,” मी म्हणाले. माझा आवाज मला जरा उंच वाटला. या क्षणाची मी रात्रभर वाट पाहत होते. “गॅस थंड झाला की आकसतो. कमी होत नाही, फक्त कमी जागा घेतो. यंदा कडक थंडीही जानेवारीपासूनच पडली.”

लोक सोपानरावांकडे बघू लागले. मला वाटलं होतं ते वाद घालतील. पण सोपानराव पंधरा वर्षं डेअरीत दूध तपासत होते.

“ते मला शिकवू नका,” ते शांतपणे म्हणाले. “लॅक्टोमीटर दुधात सोडला की आधी तापमान बघतो मी. दूध थंड असलं तर आकडा वेगळा, गरम असलं तर वेगळा. प्रत्येक डिग्रीची दुरुस्ती करावी लागते. तुमच्या गॅसचीही असंल. किती?”

डेअरीचा फळा आणला गेला. त्यावर कालचे फॅट आणि दर लिहिलेले होते, ते त्यांनी बाहीने पुसले. मी लिहिलं. दाब तोच असेल तर गॅसचं आकारमान तापमानाच्या प्रमाणात बदलतं, मात्र तापमान शून्याखाली दोनशे त्र्याहत्तरपासून मोजायचं. बेचाळीसचे झाले ३१५, अकराचे २८४. एकशे चाळीसला २८४ नी गुणलं, ३१५ नी भागलं.

“एकशे सव्वीस पूर्णांक दोन,” मी म्हणाले.

अकरावीच्या पुस्तकात अशी गणितं ओळीने असतात. मी ती शेकड्यांनी सोडवली होती. पण ज्याचं उत्तर ऐकायला बारा माणसं थंडीत उभी आहेत असं पहिल्यांदाच सोडवत होते.

सोपानरावांनी फळ्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. ओठ हलवत त्यांनी वजाबाकी केली.

“म्हणजे थंडीनं जायला पाहिजे होते चौदा. गेले तेवीस.”

मी खडू खाली ठेवला.

“नऊ सेंटिमीटर चोरीला गेले,” सोपानराव म्हणाले. “आभारी आहे मॅडम. आजवर आमचा नुसता संशय होता. तुम्ही आकडा दिलात.”

“सुधारली म्हणायची,” मागून एक म्हातारा म्हणाला. “आधी तेवीस चोरीत होती, आता नऊ.”

या वेळी सिंधूवहिनी हसल्या नाहीत.

मी पुन्हा गुणाकार केला. मग उलटा भागाकार केला. एकशे सव्वीस पूर्णांक दोन. गणित चुकलं असतं तर बरं झालं असतं. सोपानरावांनी वहीत माझ्या नावानिशी नोंद केली: थंडीने १३.८, बाकी ९.२. लोक आपापल्या गोठ्यांकडे गेले. फळा तिथेच राहिला.

चंद्रभागा माझ्याजवळ आली नाही. ती टाकीच्या मागे गेली आणि जमिनीलगत बसून नळीच्या सर्वांत खालच्या वाकणावरचा एक छोटा आटा, स्क्रूचं बूच, फिरवू लागली. मी थोड्या वेळाने तिकडे गेले. 

“चंद्रभागाताई, मी तुमच्या बाजूनंच गणित मांडलं होतं.”

“दिसलं की.” तिने मान वर केली नाही. “ताई, एक सांगा. मी घेतला का न्हाई, ते तुमच्या गणितात येतं का?”

“गणितात फक्त किती ते येतं.”

“मंग दादांनी कुणी ते कुठून काढलं?”

आट्यातून पाणी आलं. आधी थेंब, मग बारीक धार. खाली ठेवलेला जर्मनचा पेला अर्ध्यावर भरला. तिने ते पाणी जास्वंदीच्या बुंध्याला ओतलं.

“हे कसलं पाणी?”

“नळीतलं. तुमास्नी काल सांगितलं व्हतं. रोज काढावं लागतं, न्हाईतर चुली भकभक करत्यात.”

“पण नळीत पाणी येतं कुठून? हौदातून चढतं?”

“हौद खाली, नळी वर. चढंल कसं?” तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, शाळेत न गेलेल्या मुलीकडे पाहावं तसं. “गॅसातनं येतं. दिसाचं न्हाई येत. दुपारी आटा फिरवा, थेंब न्हाई. रातभर गारठा पडला की येतं. टाकीलाबी घाम सुटतो. बाहेरनं न्हवं, आतनं.”

“आतून सुटतो ते तुम्हाला कसं कळलं?”

“कान लावला की ऐकू येतं. टिप, टिप. आतल्या आत पाणी पडतं हौदात.”

मी टाकीला कान लावला. लोखंड इतकं गार होतं की कान चिकटतो की काय वाटलं. आत काहीच ऐकू येईना. मग आलं. एक थेंब. बराच वेळ गेला. दुसरा.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी आम्ही पाण्यावर ऑक्सिजन गोळा करायचो. नळी, घमेलं, उपडी घातलेली काचेची नळकांडी. आकारमान वाचायचं, दाब वाचायचा आणि मग सर फळ्यावर एक ओळ लिहायचे: पाण्याचा बाष्पदाब वजा करा. प्रॅक्टिकलच्या पुस्तकाच्या शेवटी तक्ता होता. त्यात बघायचं, वजा करायचं, पुढे जायचं. वजा केला नाही तर दोन मार्क जायचे. दोन मार्कांपलीकडे ती ओळ कशासाठी आहे, हे मी तीन वर्षांत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. आणि इथे ती ओळ टाकीच्या आत पडत होती, मी कानाने ऐकत होते.

प्रॅक्टिकलचं पुस्तक माझ्या पिशवीतच होतं. ओल्या मातीत बसून मी शेवटचं पान काढलं. बेचाळीस अंशांना पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याचे साडेएकसष्ट मिलिमीटर. अकरा अंशांना नऊ पूर्णांक आठ. थर्मामीटर उसना घेताना कॉलेजच्या भिंतीवरच्या बॅरोमीटरचा पारा, म्हणजे हवेचा दाब, मी सवयीने वाचून ठेवला होता, सातशे तेरा. टाकीच्या स्वतःच्या वजनाचा दाब आणखी सात. एकूण सातशे वीस.

म्हणजे काल संध्याकाळी टाकीत जे एकशे चाळीस सेंटिमीटर होते, त्यांतला बारावा भाग गॅस नव्हताच. जवळजवळ बारा सेंटिमीटर नुसतं पाणी होतं. न दिसणारं, न भिजवणारं, लोखंडाची टाकी उचलून धरणारं पाणी. हौदाच्या पाण्यातून दिवसा ते वर चढत होतं, गॅसमध्ये गॅस होऊन मिसळत होतं आणि पहाटेच्या गारठ्यात पुन्हा पाणी होऊन घरी जात होतं. रोज. कुणालाही न दिसता. एका बाईने तेवढं कान लावून ऐकलं होतं.

कोरड्या गॅसचा दाब काल ६५८.५, आज ७१०.२. मी एकशे सव्वीस पूर्णांक दोनला त्या दोघांच्या भागाकाराने गुणलं. पेन्सिल घसरत होती, बोटं गारठली होती.

एकशे सतरा पूर्णांक शून्य.

मी पट्टीकडे पाहिलं नाही. पट्टीवर काय होतं ते मला पाठ होतं. मी बाहीने डोळे पुसले.

“काय झालं, ताई?” चंद्रभागा म्हणाली. “रडताय काय?”

“नाही. तुम्ही जे ऐकत होता ना, त्याचं माप निघालं.”

“त्याचं कसलं माप?”

“नऊ सेंटिमीटर.”

तिने पेला उपडा करून दगडावर ठेवला. मग हळूच टाकीला हात लावला, गाभण गाईच्या पोटाला लावावा तसा.

सोपानराव डेअरीत सापडले. शेवटची बरणी ओतली जात होती. मी हिशेब त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. समजण्यात त्यांना काही अडचण आली नाही.

“म्हणजे गॅसात पाणी,” ते म्हणाले.

“हो.”

“दुधासारखं.”

“दुधात माणूस घालतो. इथे ते आपोआप येतं आणि आपोआप जातं.”

“आणि उत्तर बरोबर एकशे सतरा.”

“बरोबर एकशे सतरा.”

त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. “मॅडम, सकाळी सात वाजता तुमचं उत्तर एकशे सव्वीस होतं. पट्टीवर किती आहे ते कळल्यावर, दहा वाजता ते एकशे सतरा झालं. आकडा माहीत असताना हिशेब जुळवायला आमचा आधीचा डेअरी सेक्रेटरीसुद्धा हुशार होता. त्याला आम्ही काढला.”

मला राग आला नाही. प्रयोगवहीत उत्तर आधी आणि निरीक्षणं नंतर लिहिणाऱ्या मुलांना आमचे सर हेच सांगत, फक्त इतक्या चांगल्या शब्दांत नाही.

“मग आज संध्याकाळी आधी लिहून देते,” मी म्हणाले. “उद्या सकाळी टाकी कुठे असेल ते. बैठकीच्या आधी.”

“कुलपं दोन्हीकडे माझी. नवी.”

“चालेल.”

“आणि ती तिथं झोपायची नाही.”

“मग तिने झोपायचं कुठे?”

“माझ्या ओसरीवर झोपंल,” दारातून आवाज आला. सिंधूवहिनी दुधाची किटली घेऊन उभ्या होत्या. “मॅडम एका अंगाला, चंद्रभागा एका अंगाला. मधी मी. मला रातची झोप लागत न्हाई, भाऊजींना ठाऊक हाय.”

“वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?”

“माझी भाकरी तव्यावर ऱ्हाती रोज. मी भाकरीच्या बाजूची.”

संध्याकाळी पाचला पुन्हा सगळे जमले. दुपारी थोडे ढग आले होते. थर्मामीटर चाळीस. पट्टी एकशे छत्तीस. सोपानरावांनी दोन्ही कॉकना नवी कुलपं घातली आणि किल्ल्या खिशात टाकल्या. पहाटे किती गारठा पडेल ते मला सांगता येत नव्हतं, म्हणून मी फळ्यावर सगळंच मांडलं.

चौदा अंश असेल तर ११७.१
तेरा असेल तर ११६.५
बारा असेल तर ११६.०
अकरा असेल तर ११५.५
दहा असेल तर ११५.०
नऊ असेल तर ११४.५

“आणि नुसत्या थंडीचा, सकाळच्यासारखा हिशेब केला तर?” सोपानरावांनी विचारलं.

“नऊ अंशांना एकशे बावीस पूर्णांक पाच.”

“तोही लिहा.”

मी तो बाजूला लिहिला. म्हणजे एका फळ्यावर दोन आकडे झाले, एक चंद्रभागा चोर असल्याचा आणि एक नसल्याचा... नाही, तेही खरं नव्हतं. पहाटे पट्टीवर नुसत्या थंडीचा आकडा आला असता तरी ती चोर ठरत नव्हती, फक्त मी चुकलेली ठरत होते. आणि काही वेगळाच तिसरा आकडा आला असता, तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. पट्टीभोवती मी गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं. आधी तापमान बघायचं, फळा बघायचा आणि मगच पट्टी.

ओसरीवर जेवताना चंद्रभागा सिंधूवहिनींच्या उंबऱ्याबाहेर ताट घेऊन बसली होती. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं.

“आत सरक. गारठा कुणाला जात विचारत न्हाई.”

ती वीतभर सरकली. थोड्या वेळाने म्हणाली, “ताई, तिसराच आकडा आला तर?”

“तर माझं शास्त्र चुकलं, असं मी बैठकीत सांगेन.”

“तुमचं चुकलं तर तुमी संगमनेरला जाल,” ती म्हणाली. “मला वर वाडीत जायचंय. सात जणींच्या घरांवरनं.”

 वहिनींनी तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

शनिवारी साडेसहाला पूर्वेला जेमतेम उजेड होता. वारा पडला होता. हौदाच्या कडेच्या गवतावर पांढरं दव होतं. या वेळी बारापेक्षा जास्त माणसं होती. वरच्या ठाकरवाडीतल्या सात बायका शेणाच्या पाट्या घेऊन आल्या होत्या आणि पाट्या खाली न ठेवता उभ्या होत्या. सोपानरावांनी कुलपं ओढून पाहिली. दोन्ही शाबूत होती.

मी शिडीवर चढून थर्मामीटर पाहिला. मग उतरले.

“तुम्ही पाहा,” मी सोपानरावांना म्हणाले.

ते चढले. बॅटरी मारून बराच वेळ बघत राहिले.

“आठ,” ते म्हणाले.

फळ्यावर आठ नव्हता.

 मी खडूसाठी हात पुढे केला. “दोन मिनिटं द्या, करून देते.”

“थांबा.” सोपानराव शिडीवरून उतरले होते. “तुम्ही नका करू. आता तुम्ही काहीही केलंत तरी लोक म्हणतील, पहाटे केलं.” त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि फळ्यासमोर उभे राहिले. चौदापासून खाली एकेका ओळीवर बोट फिरवलं. “एकशे सतरा. साडेसोळा. सोळा. साडेपंधरा. पंधरा. साडेचौदा.” ते जरा थांबले. “दर डिग्रीला अर्धा. दुधाला करतो तसंच.”

त्यांनी खडू घेतला आणि माझ्या शेवटच्या ओळीखाली आपल्या अक्षरात लिहिलं: आठ असेल तर ११४.०.

लिहून झाल्यावर ते स्वतःच्या आकड्याकडे बघत राहिले. हौदात कुठेतरी टिप असा आवाज झाला. या वेळी तो सगळ्यांना ऐकू आला.

“सोडा गोणपाट,” कोणीतरी म्हणालं.

सोपानरावांनी सुतळीला हात घातला. सिंधूवहिनी पुढे झाल्या.

“भाऊजी, तुमी वाचलं तर वरची वाडी म्हणंल, मनाचं वाचलं. मी वाचलं तर तुमी म्हणाल, ती माझ्या ओसरीवर झोपली व्हती. मॅडमनी वाचायचा तर प्रश्नच न्हाई.”

“मग कोण वाचणार?”

“जिच्यावर आळ हाय ती वाचंल. आन् आपण सगळी तिच्या खांद्यावरनं बघू. इतक्या डोळ्यांत खोटं कसं वाचंल ती?”

 सोपानरावांनी बॅटरी चंद्रभागेकडे धरली. तिने ती घेतली नाही. आधी दोन्ही हात लुगड्याला पुसले, मग घेतली. सुतळीची गाठ तिला सुटेना, गार पडलेली बोटं वळत नव्हती. ठाकरवाडीतली एक बाई पाटी खाली ठेवून पुढे आली आणि तिने दातांनी गाठ सोडली.

गोणपाट खाली पडलं. पट्टीवर दव साचलं होतं. चंद्रभागेने ते पदराच्या टोकाने एकदा पुसलं आणि टाकीच्या कडेला डोळा नेला. माणसं तिच्या मागे दाटीने उभी राहिली. सोपानरावांचा श्वास तिच्या कानाशी धुरासारखा दिसत होता.

ती बराच वेळ वाचत होती. बोट लावून, एकेक रेघ मोजत. मग तिने आकडा सांगितला. सोपानरावांनी वाकून स्वतः पाहिलं. दोनदा पाहिलं. मग नोंदवही उघडली, तारीख घातली आणि वही व पेन तिच्या हातात दिलं.

तिचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं. त्या दिवशीची नोंद अशी आहे:

शनिवार, सकाळ. तापमान ८. वाचणारी चंद्रभागा मेंगाळ. उंची ११३.९.